हात धरण्यापूर्वी विचारावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरच्या कोणा विदुषींना बोलावतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "आपल्यातल्याच एकीने बोलायचे," आणि माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

विषय मात्र मी मुद्दाम निवडला आहे. आजारी माणसाला पुन्हा आपल्या कामाला लावणारे एक शास्त्र आहे, त्याला व्यवसायोपचार म्हणतात. इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी. हे शास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना विचार करून काम करायला कसे शिकवतात, आणि त्यात आपल्यासारख्या बायकांचा वाटा कोणता, हे मला सांगायचे आहे. माझी शिकवणी सासूबाईंच्या खाटेशेजारी झाली. तीत एक विद्यार्थिनी होती, तिच्या बाई होत्या, सासूबाई होत्या आणि मी होते. कोणी कोणाला शिकवले ते तुम्हीच शेवटी ठरवा.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. डॉक्टरांनी "व्यवसायोपचार सुरू करू" असे सांगितले तेव्हा माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "अगं, आईला या वयात कसला धंदा काढून देताहेत?" आम्ही हसलो, पण अर्थ मलाही ठाऊक नव्हता. येथे व्यवसाय म्हणजे दुकानधंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सर्व त्यात आले. दात घासणे, लुगडे नेसणे, जेवणे, भाकरी थापणे, नातवाला झोपवणे, देवपूजा करणे, शाळेत जाणे, शेतावर जाणे. अर्धांगवायूने, अपघाताने, जन्मतः किंवा मनाच्या आजाराने ही कामे अडली, तर ती पुन्हा जमावीत म्हणून हे उपचार असतात. फिजिओथेरपीवाले मुख्यतः अंगाचे बळ, सांधे आणि चालणे पाहतात. हे लोक त्या बळाचे माणूस काय करणार ते पाहतात. दोघांची कामे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात.

हे शास्त्र आपल्याकडे आणणारी बाई कोण, हे कळले तेव्हा मला फार अभिमान वाटला. अमेरिकेत या कामाची पहिली राष्ट्रीय संस्था १९१७ साली निघाली. आपल्या देशात त्याचे शिक्षण सुरू केले ते कमलाबाई निंबकर यांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी, जन्म १९०० सालचा. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या १९३० साली हिंदुस्थानात आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत जाऊन त्यांनी हे शिक्षण घेतले, आणि १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आपल्या देशातली ती पहिली शाळा. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच साली जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दहा देशांत आपला देश होता. कमलाबाई १९७९ साली वारल्या. फलटणला त्यांच्या नावाने बालभवन ही शाळा चालते. चाळिशीनंतर काही नवे शिकता येत नाही असे आपण म्हणतो ना, त्यांनी मात्र त्या वयात स्वतः शिकून पन्नाशीत शाळा काढली.

आता आमच्या घरची हकिगत.

२०२२ च्या आषाढात सासूबाई पहाटे तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि वृंदावनापाशीच कोसळल्या. उजवे अंग गेले, वाचाही गेली. "हो" आणि "नको" एवढेच दोन शब्द उरले, आणि तेही कधी उलटसुलट येत. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाचा कारभार पाहतो, आणि बोलणेही बहुतेकांच्या बाबतीत त्याच बाजूला असते, म्हणून दोन्ही एकदम गेले, असे डॉक्टरांनी समजावले. आम्ही त्यांना पुण्यात एका रुग्णालयात ठेवले.

तेथे एक विद्यार्थिनी येत असे. बावीस-तेवीस वर्षांची, शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातली. मुलगी हुशार, मेहनती, वेळेची पक्की. तिसऱ्या दिवशी तिने सासूबाईंना नीट टेकून बसवले, समोर वाटीत मऊ भात ठेवला, चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि म्हणाली, "आजी, उजवा हात सुधारेपर्यंत डाव्या हाताने जेवायची सवय करू या." सासूबाईंनी ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने समजावले, थोडी रागावली, आणि शेवटी कागदावर लिहिले, "रुग्ण सहकार्य करीत नाही."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. सासूबाई का जेवत नाहीत हे मला ठाऊक होते. तुम्हालाही आत्ता ऐकताच कळले असेल. पण मी बोलले नाही. शिकलेली माणसे, हातात कागद, अंगात पांढरा कोट. आपण काही म्हणावे आणि ती हसावीत, या भीतीने मी गप्प राहिले. मुलगी गेली की मी पदर खोचून त्यांना भरवीत असे. ते दोन दिवस माझ्या भित्रेपणाचे होते, हे आज सर्वांसमोर कबूल करते.

गुरुवारी त्या मुलीच्या बाई फेरीला आल्या. त्यांनी कागद वाचला आणि हळूच विचारले, "सहकार्य करीत नाही म्हणजे नेमके काय करीत नाहीत? चमचा धरीत नाहीत, की तोंड उघडीत नाहीत, की तुझ्याकडे पाहत नाहीत?" मुलगी गप्प. बाई पुढे म्हणाल्या, "जे डोळ्यांनी दिसले तेवढे लिही. कारण ठाऊक नसेल तर ते शोध. आणि आज रात्री वहीत एक प्रश्न लिही, की मी मनाशी काय धरून चालले होते?"

भगिनींनो, त्या बाई रागावल्या नाहीत. 'असे कर, तसे कर' असेही सांगितले नाही. उत्तर त्यांना ठाऊक असेलच, पण ते त्यांनी दिले नाही. त्यांनी मुलीच्या हाती प्रश्न दिला. मला तेव्हा वाटले, या कसल्या शिकवणाऱ्या? मागाहून समजले की खरे शिकवणे तेच होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी लवकर आली. चमचा-वाटी काही काढले नाही. स्टूल ओढून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "काकू, आजी घरी डाव्या हाताने काय काय करीत?"

मला हसूच आले. म्हटले, "ताई, डाव्या हाताने काय करतात ते तुम्ही जाणताच. आमच्या सासूबाईंच्या माहेरी डाव्या हाताने घास उचलला तर पोराच्या पाठीत धपाटा बसे. त्यांनी जन्मात कोणाला डाव्या हाताने पळीभर आमटी वाढली नाही. आणि तुम्ही त्यांना चारचौघांत डाव्या हाताने अन्न खायला सांगता!"

ती मुलगी एकदम थांबली. मग म्हणाली, "काकू, मी स्वतःसुद्धा डाव्या हाताने जेवत नाही. मग हे मला सुचले कसे नाही?"

मला तिचे ते वाक्य अजून आठवते. मुलगी आपल्यातलीच, मराठी घरातली. घरी ती आपल्यासारखीच उजव्या हाताने घास घेते. पण कोट अंगात घातला की पुस्तकातला नियम पुढे झाला, आणि घरातले शहाणपण मागे राहिले. तिने ते ओळखले आणि माझ्यासमोर बोलून दाखवले. मग सासूबाईंपाशी जाऊन म्हणाली, "आजी, माझे चुकले." त्या दिवशी सासूबाईंनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिले.

नंतर तिने जे केले ते मी सविस्तर सांगते, कारण कोणाच्या घरी उपयोगी पडेल. गिळताना ठसका लागत नाही ना, हे डॉक्टरांनी आधीच तपासले होते. ती तपासणी झाल्याशिवाय अशा रुग्णाला घास देऊ नये, आणि देताना ताठ बसवावे. चमच्याच्या दांड्याला तिने सुती कापड गुंडाळून तो जाड केला, म्हणजे अर्धवट मिटणाऱ्या मुठीतही तो राहील. वाडगा उभ्या काठाचा घेतला आणि सरकू नये म्हणून खाली ओले फडके पसरले. चमचा उजव्या हातात दिला, आणि डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार द्यायला शिकवले. घास उजव्याच हाताने तोंडात गेला. निम्मा अंगावर सांडला, एक वाडगा संपायला अर्धा तास लागला, पण सासूबाईंनी तोंड फिरवले नाही. असे रोज, त्याच कामात, हात पुन्हा पुन्हा वापरला की मेंदू नव्या वाटा धरतो, असे ती म्हणे. ज्या कामात मन आहे त्या कामाने माणूस अधिक वेळ टिकतो, हे मात्र मला कोणी सांगायची गरज नव्हती. आधी सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुंट्या भोकात बसवायला दिल्या होत्या, त्या त्यांनी दोनदा ढकलून दिल्या होत्या.

आणखी एक गोष्ट. सासूबाईंना बोलता येत नव्हते, तेव्हा त्यांची आवड कशी कळावी? मुलीने मला घरून काही वस्तू आणायला सांगितल्या. मी उलथणे, सूप, जपमाळ आणि पितळेची लोटी नेली. तिने त्या ओळीने मांडल्या आणि काही न बोलता बसून राहिली. सासूबाईंनी बराच वेळ पाहिले आणि डावा हात लोटीवर ठेवला. मी म्हटले, "तुळस." त्या म्हणाल्या, "हो." तो "हो" खरा होता. त्या दिवशी कागदावर ध्येय लिहिले गेले, तुळशीला पाणी घालणे.

आम्ही जुन्नरला परत आलो, आणि पुढची चूक माझी झाली. शेजारीपाजारी बघायला येत. सासूबाई हळूहळू, सांडत-लवंडत जेवत. एक-दोघी म्हणाल्या, "सून धडधाकट असताना म्हातारीला असे जेवायला लावते!" मी नावे घेत नाही, आणि त्या येथे असतील तर माझा रागही नाही. मीही दुसऱ्याच्या घरी हेच म्हटले असते. पण मला ते लागले. मी पुन्हा भरवायला लागले. पंधरा दिवसांत जी मूठ उघडू लागली होती ती पुन्हा आखडली.

फोनवर मुलीला सांगणे भाग पडले. मी मनाची तयारी केली होती की आता बोलणी बसणार. पण ती म्हणाली, "काकू, तुम्ही भरवायला लागलात त्यामागे काही कारण असेल. मला सांगाल का?" मला रडू आले. सासूबाई आजारी पडल्यापासून माझे कारण कोणी विचारलेच नव्हते.

तिने आपल्या बाईंशी बोलून तोड काढली. सकाळचे जेवण आतल्या खोलीत, निवांतपणी, सासूबाईंनी आपल्या हाताने घ्यावे. रात्री त्या थकलेल्या असतात, घरात माणसे असतात, तेव्हा मी भरवावे. सेवाही राहिली आणि हातही चालू राहिला. पुस्तकात असे लिहिलेले नसेल, पण आमच्या घराला ते बसले.

मग तिने फोनवरूनच घर पाहिले. "काकू, खाट दाखवा, मोरी दाखवा, उंबरा दाखवा." उंबरा एक वीत उंच. तिने सुताराकडून उतरती फळी करवून घ्यायला आणि भिंतीला धरायला दांडी बसवायला सांगितले. मला एक सक्त ताकीद दिली ती तुम्हीही लक्षात ठेवा. लकवा झालेल्या माणसाला दुबळ्या हाताला धरून ओढून उठवू नये, त्याने खांदा निखळतो आणि जन्माचे दुखणे मागे लागते. पुढच्या फाल्गुनात सासूबाईंनी अर्धी भरलेली लोटी दोन्ही हातांनी धरून तुळशीला पाणी घातले. वाचा पूर्ण आली नाही, भाकरी त्यांना थापता येत नाही. पण पहाटेची तुळस त्यांची आहे, तेथे मी हात लावत नाही.

आता शिक्षणाविषयी. त्या मुलीने मला सांगितले की या अभ्यासाला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. शरीरशास्त्र, मेंदूचे आजार, मानसशास्त्र असे पुष्कळ विषय असतात. शिवाय जागतिक संघटनेचा नियम आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्यक्ष रुग्णांबरोबर निदान १,००० तास काम केले पाहिजे. पण तास भरले म्हणजे शहाणपण आले असे होत नाही. तोच तास हजार वेळा गिरवला तर काय उपयोग? म्हणून त्यांच्या बाई रोज वही लिहायला लावतात. आज मी काय केले? का केले? काय झाले? मी काय गृहीत धरले होते? उद्या काय निराळे करीन? डोनाल्ड शॉन नावाच्या अमेरिकन विचारवंतांनी १९८३ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. कसबी माणूस काम करता करता विचार करतो आणि काम झाल्यावर पुन्हा विचार करतो, असे त्यांचे म्हणणे ती मुलगी मला सांगत होती.

मी तिला म्हटले, "ताई, हे आम्ही भाकरीत करतो." नव्या सुनेला आपण पीठ-पाण्याचे माप सांगतो, पण पीठ जुने असेल तर विरी जाते, थंडीत पाणी अधिक कढत लागते. पहिली भाकरी चिरली की दुसरीला हात आपोआप बदलतो. जी सून चिरलेली भाकरी पिठाच्या माथी मारते तिला भाकरी येत नाही. "माझ्या हाताचे काय चुकले" असे विचारते तिला येते. मुलीने ते आपल्या वहीत लिहून घेतले.

आपल्या दोन तालुक्यांत हे विचार करणे किती लागते पाहा. आहुप्याकडच्या बाईचे काम भाताची आवणी आणि हिरडा वेचणे. ओतूरच्या बाईचे कांदा निवडणे. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो पाठवणारीचे तोडणी आणि क्रेट भरणे. तिघींचा उजवा हात सारखाच गेला तरी तिघींना तो परत हवा तो निरनिराळ्या कामासाठी. पुण्या-मुंबईत शिकलेल्या मुलीला हे कोण सांगणार? आपण सांगितले तरच.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते.

एक. आपल्या माणसावर शिकाऊ मुलगा किंवा मुलगी उपचार करीत असेल तर "शिकाऊ आहे" म्हणून नाक मुरडू नका, आणि "शिकलेली आहे" म्हणून गप्पही बसू नका. आमच्यात हे चालत नाही, आमच्या घरात अशी जागा नाही, हे स्पष्ट सांगा. आपले "नाही" हा त्यांचा धडा असतो.

दोन. कोणाच्या घरी म्हातारे माणूस सांडत जेवताना दिसले तर सुनेला बोल लावण्यापूर्वी एकदा विचारा, "हे असे कशासाठी गं?" ज्या प्रश्नाने त्या मुलीला शहाणे केले, तो आपल्यालाही शोभेल.

तीन. विज्ञान शाखेत बारावीला जाणाऱ्या आपल्या मुलींना डॉक्टर आणि परिचारिका यांखेरीज हाही रस्ता आहे, हे सांगा. २०२१ साली केंद्राने आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात व्यवसायोपचार आहे. जुन्नर-आंबेगावची एखादी मुलगी हे शिकून आली, तर उंबरा केवढा असतो आणि डाव्या हाताने का जेवत नाहीत, हे तिला कोणी सांगावे लागणार नाही. पण तिनेही पांढरा कोट घातल्यावर ते विसरू नये, म्हणून वही मात्र तिला लिहावीच लागेल.

आज सकाळी येथे निघताना मी सासूबाईंना सांगितले, "तुमच्याविषयी बोलणार आहे, चालेल का?" त्यांनी थोडा विचार केला, लोटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हो."